खेळ रंगतो मैदानात, शिव्या शिकतात पोरे
महाड-पोलादपूरच्या गावांनी सामन्यांच्या हंगामाआधी विचार करावा असा विषय

भात झोडून झाले, पेंढ्याची उडवी रचून झाली की महाड-पोलादपूरकडच्या वाड्यावस्त्यांना सामन्यांचे वेध लागतात. रिकाम्या खाचरातली ढेकळे फोडून क्रिकेटची खेळपट्टी तयार होते. शाळेच्या नाहीतर देवळाच्या पटांगणात लाल माती पसरून कबड्डीचे मैदान आखले जाते. हॅलोजन लागतात, कर्णे बांधले जातात, हँडबिले वाटली जातात. कुठे रोख बक्षीस आणि चषक, कुठे बोकड. मुंबईहून चाकरमानी मंडळी रात्रीच्या गाडीने येतात आणि दोन दिवस गाव जागे राहते. खेड्यात करमणुकीची साधने कमी, त्यात गावाला एकत्र आणणारा हा खेळ. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण याच मैदानाची दुसरी बाजू आहे आणि ती सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. सामना रंगात येतो, शेवटची दोन मिनिटे उरतात, चढाई करणाऱ्याचा हात रेषेला लागला की नाही यावर पंच शिट्टी मारतो आणि रेषेबाहेरून शिव्यांचा पाऊस सुरू होतो. पंचाला शिव्या, समोरच्या वाडीच्या गड्याला शिव्या, पकड सुटली म्हणून आपल्याच पोरालाही शिव्या. या शिव्या बहुतेक आईवरून नाहीतर बहिणीवरून असतात. आणि मैदानाच्या अगदी कडेला, मोठ्यांच्या पायांशी मांडी घालून बसलेली असतात ती पहिली ते सातवीतली पोरे. त्यांना जागा पुढची मिळते, त्यामुळे त्यांना सगळे दिसते आणि सगळे ऐकूही येते.

दुसऱ्या दिवशी तीच पोरे अंगणात कबड्डी खेळतात. चढाई कालच्या नामांकित गड्यासारखी करतात, मांडीवर थापही तशीच मारतात आणि शिवीही तशीच देतात. आई घरातून ओरडते, ‘‘कुठं शिकलास रं हे?’’ पोरगे गप्प उभे राहते. ते काय सांगणार? शिकवणारा ओटीवर बसलेला असतो.

प्रारंभ जिजाऊंच्या तसबिरीने

आपला महाड तालुका म्हणजे रायगड किल्ल्याचा तालुका. गडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. १७ जून १६७४ रोजी, महाराजांच्या राज्याभिषेकानंतर काही दिवसांतच, त्यांनी पाचाडला देह ठेवला. पलीकडे पोलादपूर तालुक्यात उमरठला नरवीर तानाजी मालुसऱ्यांची समाधी. या मातीत सामने शिवरायांच्या आणि जिजाऊंच्या तसबिरीला हार घालून, नारळ फोडून सुरू व्हावेत हे योग्यच आहे.

मात्र नारळ फुटून अर्धा तास होत नाही तोच त्याच मैदानावर कुणाच्या तरी आईचा उद्धार सुरू होतो. एका आईला हार आणि दुसऱ्या आईला शिवी, हे एकाच मांडवात कसे बसते, याचा विचार आयोजक मंडळींनी एकदा करावा. तसबिरीसमोर बसलेले पोर दोन्ही पाहते. त्यातले त्याच्या मनात काय राहील, हे ओळखणे अवघड नाही.

शिवीला वेळ होती, जागा होती

यावर गावात ठरलेले उत्तर मिळते. ‘‘शिव्या काय आजच्या हायत? आपल्या शिमग्यात तर देवासमोर देतात.’’ हे खरे आहे आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे.

कोकणात शिमग्याला होम पेटला की बोंबा मारायच्या, शिव्या घालायच्या ही जुनी रीत. वर्षभराचे मनातले जळमट होमात टाकायचे आणि मोकळे व्हायचे, असा जाणत्यांनी त्याचा अर्थ लावला. घाटमाथ्याच्या पलीकडे सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी या गावांतील बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करीत एकमेकींना शिव्या देतात. ‘बोरीचा बार’ म्हणून हा प्रकार प्रसिद्ध आहे.

या दोन्ही रिवाजांत एक गोष्ट सारखी आहे. शिवीला दिवस ठरलेला आहे आणि जागाही ठरलेली आहे. होम विझला, बार संपला की तोंड आवरायचे. शिमगा झाल्यावर कुणी त्याच शिव्या चैत्रात देऊ लागला तर जुनी माणसे त्याला ‘शिमगा गेला, कवित्व राहिले’ असे सुनावत. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी शिवी बंद केली नाही, पण तिला मर्यादेची रेषा आखून दिली. आज सामन्याच्या मैदानावर खेळाच्या सगळ्या रेषा चुन्याने आखल्या जातात, तेवढी ही एक रेषा आखली जात नाही.

बोलताबोलता ‘आयला’ म्हणणारा किंवा नांगराला अडून बसलेल्या बैलावर करवादणारा शेतकरी हा या लेखाचा विषय नव्हे. बोलीत असे शब्द मिसळलेले असतात, त्यांत कुणाचा अपमान नसतो. प्रश्न आहे तो शंभर माणसांनी मिळून एखाद्याच्या आईबहिणीवर, त्याच्या जातीवर, त्याच्या अंगावर ओरडून बोलण्याचा आणि तेही पोरांच्या देखत.

फुटबॉलच्या कोल्हापुरात

हा रोग आपल्याकडेच आहे असे नाही. आपल्या शाळांतून कोल्हापूरकडचे गुरुजी असतील तर त्यांना विचारावे. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथे लहान पोरालाही पाठ असतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की हजारोंनी प्रेक्षक येतात, बाप आपल्या पोराला घेऊन येतो. महाराष्ट्रात फुटबॉलवर इतके प्रेम करणारे दुसरे गाव सापडणार नाही. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा.

पण याच स्टेडियमवर दोन पेठांच्या समर्थकांत होणारी शिवीगाळ, हुल्लडबाजी आणि दगडफेक हीसुद्धा तिथली जुनी डोकेदुखी आहे. सामने थांबवावे लागले, पोलीस बंदोबस्त वाढवावा लागला, समर्थकांवर गुन्हे दाखल झाले. सुरुवात बहुतेक वेळा गॅलरीतल्या एका शिवीनेच होते. ती पलीकडच्या गॅलरीला लागते, तिकडून दुप्पट होऊन येते आणि सामना संपल्यावर पेठेच्या कोपऱ्यावर तिचा हिशेब होतो.

आपल्याकडे पेठेच्या जागी वाडी आहे एवढाच काय तो फरक. वरच्या वाडीचा आणि खालच्या वाडीचा सामना, त्यात मुळात कुणाच्या तरी बांधावरून किंवा पाण्याच्या वाटेवरून धुसफूस चाललेली. मैदानावरची शिवी त्या जुन्या निखाऱ्यावर फुंकर घालते. रात्री भावकीत हातघाई, सकाळी पोलीस ठाण्यात ‘एनसी’, मग तारखा, मग पाच वर्षे अबोला. एका चुकलेल्या पकडीची एवढी किंमत मोजणारी घरे प्रत्येक गावात दाखवता येतील.

सरकारने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावे म्हणून ‘मिशन वन मिलियन’ राबवले आणि शाळांना फुटबॉल वाटले. चेंडू देणे सोपे होते. खेळ कसा बघावा हे शिकवणारे मात्र गावातलेच मोठे असतात आणि ते काम सरकार वाटू शकत नाही.

बाया आणि पोरे, ४१ हजार

फुटबॉलच्या नियमांत खेळाडूने शिवीगाळ केली, अपमानकारक बोलला तर त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढतात. कबड्डीतही हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर आणि लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर, अशी सोय आहे. पण प्रेक्षकाला कार्ड कोण दाखवणार? हा प्रश्न जगभर पडला आहे आणि निरनिराळ्या देशांनी त्याची उत्तरे शोधली आहेत.

तुर्कस्तानात फेनरबाचे नावाचा मोठा फुटबॉल संघ आहे. २०११ मध्ये त्याचे समर्थक मैदानात घुसले म्हणून संघाला रिकाम्या स्टेडियमवर खेळण्याची शिक्षा झाली. पुढे तिथल्या फुटबॉल महासंघाने शिक्षेत बदल केला. स्टेडियम रिकामे ठेवण्याऐवजी फक्त स्त्रिया आणि १२ वर्षांखालील मुले यांना फुकट प्रवेश द्यायचा असे ठरले. २० सप्टेंबर २०११ रोजी मनिसास्पोर या संघाविरुद्ध असा सामना झाला. ४१ हजारांहून अधिक बाया आणि पोरे आली. खेळाडूंनी त्यांच्याकडे फुले फेकली, सामना १-१ बरोबरीत सुटला. एरवी ज्या मैदानापासून ही मंडळी दूर राहत, ते मैदान त्यांनी भरून टाकले. म्हणजे खेळाची आवड त्यांनाही होतीच.

इंग्लंडमध्ये २००८ पासून ‘रिस्पेक्ट’ म्हणजे ‘आदर’ या नावाने मोहीम चालू आहे. त्यात एक साधी गोष्ट आहे. मुलांच्या सामन्यात आईबाप आणि इतर प्रेक्षक यांच्यासाठी मैदानाच्या कडेपासून थोडे अंतर सोडून वेगळी दोरी किंवा रेषा आखतात. तिच्या पलीकडे उभे राहूनच टाळ्या वाजवायच्या. पाच रुपयांच्या चुन्यात होण्यासारखे हे काम आहे. ते विलायतेत होते तर कापडे किंवा विन्हेरे खोऱ्यातही व्हायला हरकत नाही.

आपल्याकडे मैदानाच्या कडेला बायका किती दिसतात ते पाहावे. पहिल्या दिवशी, उद्घाटनाला दिसतात. रात्रीच्या अंतिम सामन्याला दिसत नाहीत. शाळेत कबड्डी खेळणाऱ्या मुलीला ‘‘तिकडं नको जाऊस, गडी काय वाट्टेल ते बोलतात’’ म्हणून घरी बसवले जाते. ज्या मुलीने चांगला सामना बघून चढाई शिकायची तीच बाहेर राहते. शिवीचा पहिला तोटा असा तिच्या वाट्याला येतो.

कायदा काय सांगतो

गावकारभाऱ्यांना माहीत असावे म्हणून कायद्याच्या बाबी थोडक्यात देत आहोत.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २९६ प्रमाणे सार्वजनिक जागी किंवा तिच्या जवळ अश्लील शब्द उच्चारून दुसऱ्याला त्रास देणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात हे कलम २९४ होते. समोरच्याने चिडून शांततेचा भंग करावा अशा हेतूने त्याचा मुद्दाम अपमान करणे हा कलम ३५२ खाली गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या लोकांना तो ५०४ म्हणून ठाऊक आहे.

शिवीत जात आली की प्रकरण फार वेगळे होते. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ केली तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो. महाडला हे वेगळे सांगावे लागू नये. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले ते माणूस म्हणून समान हक्क आणि मान मिळावा म्हणून. त्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या मैदानात कुणी कुणाची जात काढावी ही लाजेची गोष्ट आहे.

असे असले तरी प्रत्येक शिवीला पोलीस ठाणे गाठणे हा उपाय नव्हे. पोलीस तरी किती ठिकाणी पुरे पडणार? आणि मैदानात शिवी दिली म्हणून विशीतल्या पोराच्या कपाळी गुन्हा लागला तर एमआयडीसीतली नोकरी दूर राहते. गावातले काम गावानेच करणे बरे.

सौंदाळ्याचा ठराव

असे एका गावाने केले आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात नेवासे तालुक्यात सौंदाळा नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे १,८०० ची. २००७ मध्ये तंटामुक्त गाव म्हणून त्याचा गौरव झाला होता. या गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस ठराव केला की, आईबहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड करायचा. त्यामागचे कारण सरळ होते. शिवी देणारा पुरुष, घेणारा पुरुष, भांडण दोन पुरुषांचे आणि अपमान मात्र तिथे नसलेल्या बाईचा. जो दुसऱ्याच्या आईबहिणीबद्दल बोलतो तो आपल्या घरच्या बायकांनाही तेच बोलतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. त्याच गावाने शाळकरी मुलांनी संध्याकाळी ७ ते ९ या वेळेत मोबाइल वापरू नये असेही ठरवले.

ठराव झाला म्हणून शिव्या एका रात्रीत बंद होत नाहीत. शिवाय केवळ ग्रामसभेने ठरवले म्हणून कायद्यात नवा गुन्हा तयार होत नाही, हेही कारभाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. असा ठराव म्हणजे गावाने गावाला दिलेला शब्द असतो. पण त्या शब्दाला वजन असते. पूर्वी शिवी देणाऱ्याला अडवणारा एकटा पडायचा. ठराव झाल्यावर शिवी देणारा एकटा पडतो. हा फरक लहान नाही.

मात्र वाळीत टाकणे नको

इथे आपल्या जिल्ह्यापुरती एक धोक्याची सूचना देणे भाग आहे. रायगडमध्ये गावकीचा जोर मोठा आणि गावकीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकल्याची प्रकरणे या जिल्ह्यात इतकी गाजली की राज्याला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा हा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

तेव्हा शिवी दिली म्हणून कुणाचा हुक्कापाणी बंद करणे, त्याला देवळात येऊ न देणे, त्याच्या लग्नकार्याला न जाण्याचे फर्मान काढणे हे प्रकार चालणार नाहीत. शिवी थांबवायला निघालेले गाव स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहील. जुन्या वैराचा सूड उगवण्यासाठी तर असा ठराव मुळीच वापरू नये. दंड लावायचाच तर तो सर्वांना सारखा. सरपंचाच्या पुतण्याला वेगळा आणि मोलमजुरी करणाऱ्याला वेगळा, असे झाले की ठरावाचा कागद होतो.

गावाला काय करता येईल

खर्च न करता करण्यासारख्या काही गोष्टी अशा :

१. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. हा विषय आधी तिथे मांडावा. ज्यांच्या नावाने शिव्या दिल्या जातात त्यांचे म्हणणे पहिल्यांदा ऐकावे आणि मग ग्रामसभेत ठराव घ्यावा.

२. मैदान ग्रामपंचायतीचे असेल तर परवानगी देतानाच आणि शाळेचे असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने अट घालावी की शिवीगाळ झाल्यास सामना थांबेल. हँडबिलावर बक्षिसाच्या रकमेइतक्याच ठळक अक्षरात ही अट छापावी.

३. प्रेक्षकांच्या शिवीगाळीस त्यांचा संघ जबाबदार धरावा. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा सामना पाच मिनिटे बंद, तिसऱ्यांदा प्रतिस्पर्ध्यास विजयी घोषित करणे. आपल्या ओरडण्याने आपलाच संघ हरतो म्हटल्यावर बाजूचाच माणूस तोंडावर हात ठेवतो. हे नियम नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांना वाचून दाखवावेत.

४. पोरांसाठी एका बाजूला वेगळी जागा राखावी आणि मोठ्यांना मैदानाच्या रेषेपासून चार-पाच हात मागे दोरी बांधावी. दारू पिऊन आलेल्यास दोरीपर्यंत येऊ देऊ नये. निम्म्या शिव्या बाटलीतूनच येतात.

५. कर्ण्यावर बोलणाऱ्या समालोचकाची निवड नीट करावी. मैदान त्याच्या आवाजावर चालते. तो टोमणे मारू लागला की लोक शिव्या देतात, तो चांगल्या पकडीला दोन्ही बाजूंचे कौतुक करू लागला की लोक टाळ्या देतात. रात्री १० नंतर कर्णा बंद ठेवण्याचा नियम आहेच. तो पाळला तर अर्धे भांडण होतच नाही.

६. हल्ली सामने मोबाइलवरून थेट दाखवले जातात. मैदानातली शिवी मुंबईत, सुरतेत, आखातात बसलेल्या गाववाल्यांच्या घरातही पोरांसमोर ऐकू जाते. हे एकदा जाहीर करून सांगितले तरी बऱ्याच जणांची जीभ आवरेल.

७. मुंबई मंडळाला यात सामील करून घ्यावे. सामन्याची वर्गणी बहुधा तिथूनच येते आणि त्यांचा शब्द गावात चालतो. गणपतीत किंवा मे महिन्यात गावकीची बैठक भरते, तेव्हा हा विषय वहीत घ्यावा.

आणि सर्वांत शेवटी पंच. बाहेरच्या गावाहून आलेला, मानधनाच्या नावाखाली जेमतेम गाडीभाडे मिळालेला हा माणूस सगळ्यांच्या शिव्या खातो. त्याचा निर्णय चुकू शकतो, तोही माणूसच आहे. सामना संपल्यावर दोन्ही संघांनी त्याच्याशी हात मिळवला तर पोरे तेही पाहतील.

पोर मैदानात जे पाहते तेच घरी आणते. आज चांगली चढाई आणते, शिवीही आणते. यंदा भात झोडून झाले की मैदाने पुन्हा आखली जातील, चुना फक्की पुन्हा येईल. मधली रेषा, निदान रेषा, बोनस रेषा आखून झाली की उरलेल्या चुन्यात प्रेक्षकांची एक रेषा आखावी. पहिल्या वर्षी चार लोक हसतील, दुसऱ्या वर्षी सवय होईल. गावाने मनावर घेतले तर हे काम अवघड नाही.